वरच्या सुरातली खरखर

आमच्या घराण्यात सगळे सांगतात की भावोजींनी व्हायोलिन सोडलं ते कान गेले म्हणून. त्यांच्या नातवंडांनाही हेच माहीत आहे. हे खरं नाही. भावोजींचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. बिघडली होती ती एक तबकडी, आणि ती मी बिघडवली होती.

भावोजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. पन्नासच्या दशकात कुंभकोणमला आम्ही एकाच घरात राहत होतो. ते दिवसा कचेरीत कारकुनी करत आणि संध्याकाळी व्हायोलिन शिकवत. आसपासच्या कचेऱ्यांना, म्हणजे गाण्याच्या बैठकांना, साथीला जात. जवळच्या मरुदानल्लूर गावच्या भजनात तर त्यांची जागा ठरलेली होती. वरच्या तारेवर त्यांचं बोट चढलं की गाणारे क्षणभर मान वळवून पाहत. मी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. घरातल्या यंत्रांबाबत माझा शब्द अखेरचा समजला जाई.

त्यांच्या एका मित्राने विलायतेहून येताना लाँग प्ले तबकडी आणली. कुणा परदेशी वादकाचं एकट्याचं व्हायोलिन. पहिली बाजू जलद आणि उंच, दुसरी संथ, खालच्या सुरांत. गावात तशी दुसरी तबकडी कुणाकडे असल्याचं मला ठाऊक नव्हतं. भावोजी ती पहिली बाजू अभ्यासासारखी ऐकत.

"एवढ्या वर जाऊन हा ओरडत नाहीं," ते म्हणत. "तेथें सूर उभा कसा राहतो, तें मज कळलें पाहिजे."

आमची घरची मराठी ही अशी, तमिळ मुलखात पिढ्या गेलेल्यांची, जुन्या वळणाची. मी पुढे पुण्यात राहिलो आणि माझी बदलली. त्यांची बदलली नाही.

त्यांच्या तबकडीच्या यंत्रावर साधं क्रिस्टलचं कार्ट्रिज होतं. कार्ट्रिज म्हणजे आर्मच्या, तबकडीवर टेकणाऱ्या दांडीच्या, टोकाला बसणारी, अंगठ्याच्या पेराएवढी डबी. तिच्यातून सुईचं टोक बाहेर डोकावतं आणि खोबणीतली थरथर विजेत उतरते. क्रिस्टलमधून वरचे सूर बोथट येत. म्हणून भावोजींनी मद्रासहून चुंबकीय कार्ट्रिज मागवायचं ठरवलं, हिऱ्याच्या टोकाचं. निवड माझ्यावर सोपवली. मी दुकानातली मासिकं चाळून एक निवडलं आणि आम्ही त्याची वाट पाहत राहिलो.

त्याच सुमारास नाचियार्कोविलच्या उत्सवात साथीसाठी ते काही दिवस गेले. दुकानात तेव्हा लाँग प्लेचा वेग असलेली नवी मोटर आली होती. आपल्याकडे काय चीज आहे ते मला मालकांना दाखवायचं होतं.

"सांभाळून ने," तबकडी हातात देताना अक्का म्हणाली. "कांहीं झालें तर ते मजवर रागें भरतील."

दुकानातल्या कार्ट्रिजचं नीलमण्याचं टोक झिजलं होतं. ते बदलायला हवं असं मालकांना मीच सांगितलं होतं. तरी वाजवली. उंच जागी सुई उड्या मारू लागली, तेव्हा मी आर्मच्या डोक्यावर सोल्डरच्या तारेचं वेटोळं ठेवलं. वजन वाढलं, उड्या थांबल्या. लोक जमले, "अजून एकदा" म्हणत राहिले, आणि मी तोच उंच भाग पुन्हा पुन्हा लावला. शेवटी आर्म उचलला तर टोकाला काळसर भुकटी चिकटली होती. ती धूळ नव्हती, खोबणीचाच कीस होता. मी ती फुंकरीने उडवली, तबकडी पुसली आणि घरी आणून जागच्या जागी ठेवली.

भावोजी परतले, त्यांनी ऐकली. जुन्या क्रिस्टलवर त्यांना काही जाणवलं नाही, इतकं ते बोथट होतं. मी सुटलो असं मला वाटलं.

मग मद्रासहून डबी आली.

आमच्या मागच्या गल्लीत पितळी भांडी ठोकणारे होते. त्यांचा ठोका दुपारच्या जेवणापुरता थांबे. सुट्टीच्या दिवशी तेवढ्या वेळात आम्ही खिडक्या लावून ऐकायला बसायचो. पहिल्याच दुपारी, सुई उंच जागेवर आली आणि सूर फाटला. कोरं कापड ओढून फाडल्यासारखी खरखर.

"जुळलं नाही," भावोजी तमिळमध्ये म्हणाले. यंत्राचं सगळं बोलणं आमचं तमिळमध्येच चाले. घरच्या मराठीत त्या वस्तूंना शब्द नव्हते.

"जुळवू," मी म्हणालो.

आणि मी जुळवत बसलो. कार्ट्रिजमधलं चुंबक खालच्या पोलादी चकतीकडे ओढलं जात होतं, त्यामुळे सुईवर भार वाढत होता. मी चकतीवर जाड बुचाची गादी घातली. कार्ट्रिजचा आवाज फार क्षीण, म्हणून अँप्लिफायरला एक जादा व्हॉल्व्ह जोडला. मोटरची घरघर घुसत होती, ती तारा फिरवून घालवली. सोनाराकडून गुंजा आणून आर्मचा भार तोलला. दर खेपेस वादन अधिक स्वच्छ झालं, आणि दर खेपेस खरखर अधिक स्पष्ट झाली. चांगली सुई जखमही चांगली वाचते. हे मला पहिल्या दुपारपासून ठाऊक होतं. तरी मी घाम पुसत स्क्रू पिळत होतो, आणि भावोजी माझ्यासाठी पंखा हलवत होते.

एकदा अक्का कॉफी घेऊन आली. भावोजींनी तिला थांबवलं.

"तूं ऐक बघूं. वरतीं खरखरतें का?"

"मज काय विचारतां?" ती म्हणाली. "तुमची वरची तार मज नेहमीं अशीच लागते. दारांत मांजराची शेपूट सांपडल्यावाणी."

मी मोठ्याने हसलो. भावोजीही हसले, पण जरा उशिरा.

पुढच्या दुपारी ते म्हणाले, "उलटून बघू." दुसरी बाजू मी दुकानात वाजवलीच नव्हती. ती स्वच्छ निघाली असती आणि दोष तबकडीत आहे हे त्यांना कळलं असतं.

सुई टेकली. संथ, खालचे सूर, आरशासारखे स्वच्छ. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. ते यंत्राकडे पाहत नव्हते, आपल्या डाव्या हाताच्या बोटांकडे पाहत होते.

"खाली साफ आहे," ते म्हणाले. "वरच फाटतं."

मग त्यांनी पहिली बाजू लावली, उंच जागा येऊ दिली, आणि माझ्याकडे वळून मराठीत विचारलं,

"तुज ऐकूं येतें?"

ते मराठीत बोलले तेव्हाच मी ओळखलं की हा प्रश्न यंत्राचा नाही. खरखर खोलीभर पसरली होती.

"नाहीं," मी म्हणालो. "मज साफ येतें."

त्यांनी मान हलवली आणि यंत्र बंद केलं. मागच्या गल्लीतले ठोके पुन्हा सुरू झाले होते.

मी का खोटं बोललो? माझी भीती साधी होती. तबकडी पुन्हा मिळणार नव्हती, अक्काने ती माझ्या हातात दिली होती, आणि त्या घरात माझा मान होता तो माझ्या हाताच्या भरवशावर होता. ते डबीला दोष देतील, परत पाठवतील, इतकाच माझा हिशेब होता. डबी निर्दोष, भार बरोबर, तारा बरोबर, असं मीच सिद्ध करत आणलं होतं. मग दोषाला जायला त्यांच्या कानांखेरीज जागा उरली नाही, हे मला दिसलं नाही. दिसल्यावरही मी तोंड उघडलं नाही.

अक्काने त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी कानांत काही दोष नाही म्हणून सांगितलं.

"डॉक्टर कानाशीं सुराचा एक चिमटा वाजवतो आणि विचारतो," भावोजी घरी येऊन म्हणाले. "हा तर रोज दुकानांत बसून बिघाड ऐकतो. ह्यास ऐकूं येत नाहीं आणि मज येतें. आतां माझ्या वरच्या तारेचा भरंवसा मीं कसा धरावा?"

पुढच्या भजनाला आम्ही मरुदानल्लूरला गेलो. नेहमीच्या उंच जागी गाणाऱ्याने मान वळवली. भावोजींनी गज तारेवरून उचलला होता. ते समोरून माझ्याकडे पाहत होते, माझ्या चेहऱ्यावर काही उमटतं का ते बघत. मी समईकडे पाहिलं. त्यानंतर त्या भजनात ते टाळ घेऊन बसू लागले. शिष्यांना त्यांनी एकेक करून दुसऱ्यांकडे पाठवलं. कार्ट्रिज आर्मवरून सोडवून, कापसात गुंडाळून मला दिलं.

"तुझे कान चांगले आहेत," ते म्हणाले. "तूं ठेव."

ते अजून माझ्याजवळ आहे. मी ते कधीही कुठल्या आर्मला लावलं नाही.

भावोजींना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांना सांगायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. मी सांगितलं नाही. गेल्या वर्षी कुंभकोणमला गेलो तेव्हा अक्काला सगळं सांगितलं, दुकान, सोल्डर, भुकटी, सगळं. ती पलंगावर बसून ऐकत होती.

"मज ऐकूं येत होती ती खरखर," ती म्हणाली. "ती यंत्रांतली होती. त्यांचें वाजवणें तसें कधींच नव्हतें. तुम्ही दोघे जाणते म्हणून मी चेष्टेवर नेलें."

ती माझ्याकडे वळली.

"इतकीं वर्षें मज वाटत होतें, माझ्या त्या बोलण्यानें त्यांनी सोडलें. मांजर म्हटलें होतें मी."

"तूं कधीं बोलली नाहींस," मी म्हणालो.

"तूं बोललास?"

पदराची कड बोटांनी चाचपत ती म्हणाली, "लिही. मुलांस कळूं दे त्यांचे कान कसे होते तें. आणि मांजराचेंही लिही. लपवूं नको."

म्हणून तेही लिहिलं आहे.