‘नो सर’ म्हणायला शिकवणारे दत्तारामकाका

माझं शिक्षण आठवीपर्यंत. काकांच्या अमृतमहोत्सवाच्या अंकात मोठमोठी माणसं लिहिणार, त्यात मी काय लिहू? पण समितीच्या पवारबाई फोनवर म्हणाल्या, “तुझ्याइतका काकांचा ओरडा कुणी खाल्लाय? लिही गप.” म्हणून बोटीवरून लिहितोय.

दत्ताराम मयेकरकाकांची माझी खरी ओळख झाली लालबागला, आमच्या चाळीच्या गॅलरीत. काकांची उमेदीची वर्षं विलायती कंपन्यांच्या बोटींवर गेली. शेवटी ते सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम झाले. मी बोटीवर जाणार हे कळल्यावर त्यांनी मला बोलावलं, स्वतः साहेब होऊन खुर्चीत बसले आणि इंग्रजीत खेकसले.

“यस सर,” मी मान हलवत म्हटलं.

“काय समाजला?”

“काय नाय.”

“मगे यस कित्याक म्हटलंस? मान आसा की स्प्रिंग?”

शेजारच्या मावशी हसून बेजार झाल्या. पुढे दर रविवारी तेच. समजलं नाही तर विचारायचं, धोका दिसला तर ‘नो सर’ म्हणायचं. एकदा वैतागून मी म्हटलं, “काका, इंग्रज कधीच गेले. आता साहेब पण आपलेच असतात.”

“बोटीर जा, मगे माका सांग.”

आणि त्यांनी गंगारामची हकीकत सांगितली. बोटीवरच्या बंद टाकीतली हवा विषारी होते, माणूस दोन श्वासांत कोसळतो, हे काकांना ठाऊक होतं. गोऱ्या साहेबाने माणूस उतरवायला सांगितलं. काका ‘यस सर’ म्हणाले आणि आपल्याच गावच्या गंगारामला त्यांनी आत पाठवलं. तो जिवंत वर आला नाही. “साहेबान नाय, मी धाडलंय त्येका,” काका म्हणाले. या लेखासाठी फोन केला तेव्हाही म्हणाले, “माझी आरती ओवाळू नको. गंगारामाचा लिव.”

गेल्या महिन्यात माझ्यावर तीच वेळ आली. आमचे चीफ ऑफिसर आपल्याच देशाचे, पण खेकसणं तेच. हवा न तपासता टाकीत उतरा म्हणाले. बर्मी, फिलिपिनो, आम्ही कोकणातले, सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. माझीही हलली. सगळ्यांत पुढे मीच होतो. शिडीवर पाय ठेवला आणि मागे घेतला. कसाबसा म्हणालो, “नो सर. आधी हवा तपासा.” शिव्या देत त्यांनी मीटर आत सोडला. मीटर किंचाळायला लागला. टाकी बंद झाली, आणि साहेब मला म्हणाले, “पुढची बोट कशी मिळते बघतो.” घरी हे सांगितलेलं नाही, हा लेख वाचूनच कळेल. आईने घाबरू नये. दर शुक्रवारी तिची चौकशी करायला काका जिने चढून जातात, ते समजावतील.

उद्या दुसऱ्या टाकीत उतरायचं आहे. यादीत नाव एका नव्या बर्मी खलाशाचं आहे. तो कशालाही मान हलवतो. मला आतापासूनच घाम फुटलाय. काकांना फोनवर म्हटलं, मी शिडीपाशी उभा राहीन.

“उभो रवान काय करतलंस? तोंड उघड.”

उघडीन, काका. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. माझी भीती काही जात नाही, तेव्हा तुमचा ओरडा अजून खूप वर्षं लागणार आहे.