दादरचं व्याख्यान आणि मदनपुऱ्यातली बंद खोली

मुकादम सरांचे अनुवाद मी एका छोट्या त्रैमासिकात वाचत आले. अरबी लेखकांचे निबंध. त्यांतले काही तुरुंगात गेलेले, काही देश सोडलेले, काही फक्त टोपणनावानं लिहिणारे. श्रद्धा सक्तीनं लादता येत नाही, हे ते परोपरीनं सांगत. ते सांगितल्यामुळं त्यांचं पुढं काय झालं, हे सर तळटीपेत देत. सर त्यांना ‘माझी माणसं’ म्हणत.

दादरच्या एका व्याख्यानमालेत सर या माणसांवर बोलणार, असं कळलं. मी मिरजेत मराठी शिकवते. रजा मिळत होती. फोन केला तर सर म्हणाले, दादरचं ठीक आहे, पण दुसऱ्या दिवशी थांबा आणि मदनपुऱ्याला या.

मदनपुऱ्यात त्यांची भाची रुबिना बायकांचा शिवणक्लास चालवते. तिथं मशीन बंद ठेवून सर एका अरब शिक्षिकेचा निबंध हिंदीत वाचून दाखवणार होते. मुलींना काय शिकवायचं यावरून ही शिक्षिका धर्ममार्तंडांशी भांडली आणि नोकरीला मुकली. क्लासमधल्या बायकांनीच तिच्याबद्दल ऐकायचं म्हटलं होतं. त्यासाठी मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांची परवानगी मिळवायला रुबिनाचं वर्ष गेलं. त्यांची अट एकच होती: राजकारण नको.

पहाटे दादरला उतरले. स्टेशनच्या पश्चिमेला लॉज बरे आहेत, पण खोली आधी बघून घ्या. माझ्या खोलीची खिडकी भिंतीत उघडत होती. साबुदाणा वडा आणि पियूष यांवर सकाळ भागते. मग परळला सरांकडे गेले. चालत अर्धा तास लागतो, बसनंही जाता येतं.

सरांचे वडील रत्नागिरीकडून येऊन गिरणीत लागले होते. चाळ पाडून झालेल्या टॉवरमध्ये सर राहतात, शेजारी तीच जुनी माणसं. सर काही वर्षं आखातात हिशेबनीस होते. अरबी तिथं शिकले. आधी पाट्या वाचायला, मग वर्तमानपत्रं. आम्ही चहा पीत होतो तेव्हा समोरचे सावंत दारातून डोकावले.

"मुकादमानू, पोस्टर बघलंय तुमचा. इलेक्शनाक उभे रवतास काय?"

सर हसले. त्यांना वाटलं, व्याख्यानमालेची नेहमीची छोटी सूचना असेल.

संध्याकाळी सभागृहाजवळच्या नाक्यावर आम्ही तो फ्लेक्स पाहिला. दोन विजेच्या खांबांच्या मधे, रस्त्यावर झुकलेला. एका स्थानिक पुढाऱ्याचा कमरेपासून वरचा फोटो, हात जोडलेले. वर पक्षाचं चिन्ह. खाली गोलात सरांचा पासपोर्टचा फोटो. व्याख्यानाचं नाव होतं ‘अरब जगातले सुधारक’. फ्लेक्सवर होतं: आता मुस्लिम विचारवंतच सांगणार सत्य.

"मला खिशात ठेवलंय त्यांनी," सर म्हणाले. खरंच, तो गोल पुढाऱ्याच्या जाकिटाच्या खिशावरच आला होता.

व्याख्यानमाला चालवणाऱ्या प्रधानबाई ओशाळल्या. सभागृहाचं भाडं फ्लेक्सवरच्या या भाऊंनी दिलं होतं. त्यांनी बदल्यात काही मागितलं नाही, फक्त नाक्यावर एक फ्लेक्स. इथं असंच चालतं. गणपती असो, दहावीच्या मुलांचं कौतुक असो, फ्लेक्स कुणाचा तरी असतोच. सरांनी तो उतरवायला सांगितलं. बाईंनी फोन लावला. कार्यक्रम संपला की काढतो, असं उत्तर आलं. आत खुर्च्या भरल्या होत्या. माणसं पावसातून छत्र्या घेऊन वेळेवर आली होती. त्यांना परत पाठवणं सरांना बरं वाटेना. शाल आणि श्रीफळ घेऊन ते बोलायला उभे राहिले.

ते चांगलं बोलले. धर्माच्या नावानं बंदूक उचलणाऱ्यांना त्यांच्या गावातल्याच लेखकांनी कसं सुनावलं, हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. याच लेखकांना धर्म वापरणारं कुठलंच सरकार चालत नव्हतं, कुठल्याही धर्माचं, हे सांगितलं तेव्हा पंख्यांचा आवाज ऐकू आला. शेवटी शिवाजी पार्ककडचे एक निवृत्त गृहस्थ उठले. व्याख्यान आवडल्याचं सांगून त्यांनी विचारलं, "पण तुमच्यात असे किती?"

"तुम्ही मोजायला आलात का?" सर म्हणाले.

लोक हसले. गृहस्थही हसले. एका प्रकाशकानं तिथंच पुस्तकाची तयारी दाखवली. मुखपृष्ठावरची तलवार आणि लेखणी त्याच्या डोक्यात तयार होती. सर बघू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी लालबागच्या मसाला गल्लीत फिरले. शिंका आवरत नाहीत, पण मालवणी मसाला समोर कुटून मिळतो. चिंचपोकळीवरून बसनं मदनपुऱ्याकडे गेले. सर कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात थांबले होते. इस्त्रीचा शर्ट, पिशवीत कागद, आणि बायकांसाठी नानकटाईचा डबा.

आम्ही जिना चढलो. क्लासच्या दाराला कुलूप होतं. रुबिना बाहेर उभी होती, डोक्यावरची ओढणी पुन्हा पुन्हा सारखी करत.

फ्लेक्सचा फोटो रात्रीच मोहल्ल्यातल्या फोनवर फिरला होता. तो उतरवला का, हे सरांनी विचारलं. रुबिनाला ते माहीत नव्हतं, आणि आता त्यानं काही होणार नव्हतं. त्या पुढाऱ्याची भाषणं इथं सगळ्यांनी ऐकली आहेत. सकाळी वडीलधारे तिच्याकडे येऊन गेले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, आम्ही एक अट घातली होती.

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं. "सरांना त्यातलं काही माहीत नव्हतं."

रुबिनानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगणार? कोण म्हणून?"



मग ती सरांकडे वळली. "मामू, मला ठाऊक आहे तुम्ही तसे नाही. बायकांनाही ठाऊक आहे. पण त्या आल्या तर घरी काय सांगतील? त्या माणसाच्या माणसाला ऐकून आलो? क्लास बंद होईल. शिवण तरी शिकू दे त्यांना."

सर बरं म्हणाले. नानकटाईचा डबा तिच्या हातात दिला. ती घेईना, मग तिनं घेतला. कागद मागितले नाहीत. सरांनीही काढले नाहीत.

आम्ही भायखळ्यापर्यंत चालत आलो. मी म्हटलं, काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करता येईल. सर म्हणाले, त्यांची माणसं सरकारांनी गप्प केली, कुणी धमकावून गप्प केली. "मला टाळ्या वाजवून," ते म्हणाले, आणि रस्ता ओलांडायला माझा हात धरला.

मिरजेला परतल्यावर स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं. एक सहकारी खूश झाले. त्यांच्यातलाच माणूस बोलतोय, हे फार चांगलं, म्हणाले. कुलपाचं त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून त्यांना त्यात काही वाटलं नाही. आमच्या कॉलेजात सरांना बोलवा, असं त्यांनी सुचवलं. मी नाही म्हटलं.

हे लिहू का, असं सरांना विचारलं. नाव बदला, म्हणाले. ते बदललं आहे, भाचीचंही. प्रकाशकाला त्यांनी नकार कळवला होता. त्या शिक्षिकेचे आणखी निबंध आहेत, त्यांचा अनुवाद कधी करणार, असं मी विचारलं.

आता ते करत नाही, सर म्हणाले. आखातात जाणाऱ्या मुलांची करारपत्रं अरबीतून मराठीत करून देतात.

"लोक ती वाचतात," ते म्हणाले.