फोटोपुरती चावी

२०२४ साल. मी एकोणसत्तर वर्षांचा. कर्जतात रस्त्याकडेला सायकलींसाठी नवा हिरवा पट्टा मारला होता, त्याच्या उद्घाटनाचा मांडव. तिथंच विजेच्या दुचाक्यांचं वाटप. एका गाडीची चावी माझ्या हातात. फोटो निघाला. शोरूमचा माणूस हात पुढे करून म्हणाला, "आजोबा, चावी द्या."

मला वाटलं, सही राहिली असेल.

मी कर्जतजवळच्याच कोंडाण्याकडचा. शाळा दुसरीपर्यंत. चाळीस वर्षं सायकलला दोन किटल्या लावून दूध घालतो. आता चढाला गुडघे बोलतात, म्हणून या गाड्यांच्या योजनेचा फॉर्म भरला. हाच शोरूमवाला तेव्हा म्हणाला होता, "सरकार अनुदान देतंय. तुमचं काम झालं समजा." मग फोन आला, नाव आलं, स्वच्छ कपडे घालून या. बायकोने कुंकू आणि लिंबू बांधून दिलं. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं, आमच्यात असंच. मी मांडवात गाडीला कुंकू लावलं, पाया पडलो, चाकाखाली लिंबू ठेवलं. खुर्च्यांवरची माणसं हसली. मला वाटलं, कौतुकाने हसतात.

"नाव आलंय ना माझं?" मी विचारलं.

"फोटोसाठी आलंय. अनुदान गाडी घेणाऱ्याला, आजोबा. तुमी कुठे पैसे भरलेत?"

चावी त्याने पैसे भरलेल्या एका फार्महाऊसवाल्या साहेबाला दिली. यांच्या घरीही मी दूध घालतो. यांच्या दोन मोटारी त्या हिरव्या पट्ट्यावरच उभ्या होत्या. अनुदान यांना. साहेबाने ओल्या कागदाने माझं कुंकू पुसलं. मग बुटाने खाली दाखवलं.

"काका, ते लिंबू उचला. टायरला चिकटेल."

मी वाकलो. उचललं. वर "हो साहेब" पण म्हटलं.

साहेबाची किळस नंतर आली. आधी माझ्या कमरेची आली. एवढ्या सवयीने वाकली ती.

आठवड्याने चारफाट्यावर भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर मी, चावी धरून हसतोय. खाली लिहिलेलं, पोरांनी वाचून दाखवलं : 'सायकल सोडली, प्रगती जोडली.' मी किटल्या घेऊन चाललो की चहावाला ओरडायचा, "लाभार्थी, गाडी चार्जिंगला लावली काय रं?" सगळी टपरी हसायची.

शोरूमला गेलो. म्हटलं, "माझा फोटो काढा तिथनं. मी सायकल सोडली नाय. मला कायबी मिळालं नाय."

"अवो, लोकं पैसे देऊन फोटो लावतात. तुमचा फुकट लागलाय." मग टेबलाखालनं एक टोपी काढली. "ही घ्या. उन्हाची होईल."

माझा हात पुढे गेला नाही. पहिल्यांदाच.

"टोपी तुमच्या त्या फार्महाऊसवाल्या साहेबाला घाला," म्हटलं. "आणि उद्यापासनं त्याचं दूध बंद, तेबी सांगा."

तो हसला. घरी आलो, कोयत्याला धार लावली. बायकोने कारण विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "शिडी न्या. खांबावर चढायचं वय हाय का तुमचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून झाल्यावर, भर गर्दीत, चारफाट्यावर शिडी लावली. वर गेलो. बाकीच्या फ्लेक्सला हात लावला नाही. कानापासून हनुवटीपर्यंत माझं तोंड तेवढं कापायला घेतलं.

खालनं कोणीतरी दरडावलं, "ए म्हाताऱ्या, कोणाला विचारून?"

"तोंड माझं हाय," म्हटलं, आणि कापत राहिलो.