इवोनीची राहिलेली सलामी

बातमी आली तेव्हा मी अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या देशी किराणा दुकानात साबुदाण्याच्या फळीसमोर उभी होते. शेवटचे काही दिवस इवोनीला दुसरं काही गिळवत नव्हतं. साबुदाण्याची पातळ खीर मात्र दोन-चार चमचे जायची. मोठा दाणा घ्यावा की बारीक, या विचारात मी असतानाच जिमच्या मालकीणबाईंचा फोन आला. "सुनंदा, शी इज गॉन. सकाळी, झोपेतच." मी "ओके, ओके" म्हणाले, फोन ठेवला आणि बारीक दाण्याचं पाकीट उचलून काउंटरवर गेले. पैसे दिले, पिशवी घेतली, गाडीत येऊन बसले... आणि मग लक्षात आलं, की आता ही खीर कोणासाठी करायची.

इवोनी ब्राझीलची. माझ्या मुलीची, सईची, जिम्नॅस्टिक्सची कोच. कधी काळी तिच्या देशाच्या संघातली नावाजलेली खेळाडू. सई सहा वर्षांची असताना मी तिला पहिल्यांदा जिममध्ये घेऊन गेले. आमच्या इथल्या डेटा सेंटरांच्या बिनखिडक्यांच्या भिंतींमागे गोदामांची एक रांग आहे, त्यातल्या एका गोदामात ही जिम. आत पांढऱ्या खडूच्या भुकटीचा आणि घामट गाद्यांचा वास. दारापाशी उभी असलेली ती बुटकी, रुंद खांद्यांची बाई बघून मला वाटलं, ही रिसेप्शनिस्ट असावी. मी तिला विचारलं, "कोच कुठे भेटतील?" ती म्हणाली, "थांबा, बोलावते." आत गेली, वळली, पुन्हा बाहेर आली आणि हात पुढे करून म्हणाली, "मी कोच." आमच्या मैत्रीची सुरुवात अशी माझी फिरकी घेऊन झाली.

मी सांगलीची. शाळेत दोरीचा मल्लखांब करायचे आणि बऱ्यापैकी करायचे. इथे आल्यावर ही गोष्ट कोणाला सांगायची सोयच नव्हती. ऑफिसात सांगावं तर "ओह, लाइक योगा?" असं विचारतात. इवोनीला सांगितलं, तेव्हा तिने वर्गातली सगळी पोरं खाली बसवली आणि छताला टांगलेल्या चढायच्या दोरीकडे बोट दाखवलं. "दाखव." मी ऑफिसच्या पँटीत होते, वजन काय होतं ते विचारू नका. तरी आधी सवयीने दोरीला नमस्कार केला आणि मग ती पायाच्या अंगठ्यात धरून कशीबशी एक पकड घेतली. खाली उतरल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल, तर तो नमस्कार कशासाठी. मी म्हटलं, "आमच्यात चढण्याआधी करतात. तुमच्यात खेळ संपल्यावर हात वर करून सलामी देतात, तसंच." ती म्हणाली, "आमच्यात आधीही असते सलामी. पण सुरुवातीची कोणी विसरत नाही." तेव्हा मला त्या वाक्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

ब्राझीलमधल्या एका लहान गावात, नगरपालिकेच्या हॉलमध्ये फाटक्या गाद्यांवर ती शिकली. दहा-अकरा वर्षांची असताना तिला राष्ट्रीय शिबिरासाठी निवडलं आणि घर सुटलं ते सुटलंच. परदेशी कोच, वसतिगृह, मोजून मिळणारं जेवण. संघातल्या मुली हेच घर. त्या एकमेकींच्या वेण्या घालायच्या, एकमेकींच्या सोललेल्या तळव्यांना मलम लावायच्या आणि एकीला घरची आठवण आली की सगळ्या मिळून रडायच्या. फ्लोअरवर, म्हणजे संगीताच्या साथीने गादीवर करायची तिची कसरत सुरू झाली, की ढोलाच्या ठेक्यावर अख्खं स्टेडियम टाळ्या धरायचं म्हणे. दक्षिण अमेरिकेतल्या स्पर्धांची पदकं तिच्याकडे पुष्कळ होती. पण ती बघायची तर तिच्या घरी जावं लागे, कारण एक पडदा बांधायला वापरलेलं असायचं आणि दुसरं मांजराच्या गळ्यात. मी एकदा चिडले, "अगं, देशासाठी मिळवलेलं पदक आहे ते." ती म्हणाली, "मांजर तुझ्यापेक्षा नीट सांभाळतं."

आमच्या घरी ती यायला लागली ती साबुदाण्यामुळे. एका एकादशीला सईला सोडायला आली, तेव्हा परातीत साबुदाणा भिजत होता. तिने दोन दाणे उचलून तोंडात टाकले आणि खुर्चीतच बसली. ज्या कंदापासून आपण साबुदाणा करतो तो मूळचा तिच्याकडचा. तिची आई त्याच पिठाचे चीज घातलेले गोळे भाजायची. त्या दिवशी तिने माझ्या उपासाचा अर्धा फराळ संपवला. पुढे रविवार म्हटलं की इवोनी आणि इवोनी म्हटलं की खिचडी, असं समीकरणच होऊन बसलं. आमचे मिलिंद म्हणायचे, "या बाईमुळे आपल्या घरात आठवड्याला एकादशी." सई जिममध्ये तिला कोच म्हणायची आणि घरी इवोनीमावशी.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. दर वर्षी एका रविवारी तिचा फोन वाजायला लागायचा. पडद्यावर चार बायकांचे फोटो एकदम दिसायचे. तिच्या जुन्या संघातल्या त्या मैत्रिणी जगभर पांगलेल्या आणि वर्षातून एकदा मिळून व्हिडिओ कॉल करणाऱ्या. इवोनी तो फोन टेबलावर पालथा घालायची. तो थरथरत कडेपर्यंत सरकत जायचा, आणि ती वाटीतली खिचडी खात राहायची. मी विचारलं की म्हणायची, "नंतर." वसतिगृहातल्या गोष्टी सांगताना जिचा आवाज मऊ व्हायचा, तीच बाई त्या मैत्रिणींचा फोन का टाळते, ते मला कळेना.

ते कळलं सईच्या एका स्पर्धेत. सई तेव्हा बारा वर्षांची. बीम म्हणजे वीतभरही रुंद नसलेली, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरची तुळई. सई त्यावरून गिरकीत खाली पडली, पुन्हा चढली, रडत रडत सगळं पुरं केलं, उडी मारून उतरली आणि तडक माझ्याकडे धावत आली. मी तिला जवळ घेणार तोच इवोनी मध्ये आली. जी बाई कधी पोरांवर आवाज चढवत नसे, ती म्हणाली, "मागे जा. पंचांकडे तोंड कर. हात वर." सई म्हणाली, "आय कान्ट." इवोनी म्हणाली, "जा." सई हुंदके देत परत गेली आणि सगळ्यांसमोर हात वर करून उभी राहिली. माझा पारा असा चढला होता, की पार्किंगमध्ये मी इवोनीला गाठलंच. "पोरगी रडतेय आणि तुला कवायत सुचतेय?" ती गाडीला टेकली.

मग तिने सांगितलं. संघ ऑलिंपिकला जाणार की नाही, हे ठरवणारी जागतिक स्पर्धा होती. बीमवर शेवटची इवोनी. ती पडली. पुन्हा चढली, उरलेलं चोख केलं, उतरताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडले. आणि ती रडत तशीच निघून गेली, पंचांकडे न बघता. सलामी दिल्याशिवाय खेळ पुरा होत नाही; राहिली तर गुण कापतात, थोडेच, पण कापतात. संघ ऑलिंपिकमधून बाहेर राहिला तो त्याहूनही थोडक्यात. "पडणं माफ असतं, सुनंदा," ती म्हणाली, "कोणीही पडतं. पण हात वर करायला ताकद लागत नाही. मी तेवढंही केलं नाही, आणि चौघींचं ऑलिंपिक गेलं." मैत्रिणी तिला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेच तिला जास्त लागलं. त्यानंतर ती खेळली नाही. कामाच्या निमित्ताने अमेरिकेत आली ती इथलीच झाली.

त्यानंतर मी तिच्या मागेच लागले. "एकदा उचल फोन. बोलून मोकळी हो." ती म्हणायची, "फोनवर नाही. जाईन एकदा. चौघींना समोर बसवीन आणि सांगेन." दर उन्हाळ्यात जायचं ठरायचं आणि दर उन्हाळ्यात जिमचं शिबिर, मांजराचं दुखणं, काहीतरी निघायचंच. आपण तरी काय करतो... सांगलीला जायचं म्हणता म्हणता माझीही वर्षं अशीच गेली आहेत.

पंधराव्या वर्षी सईने जिम्नॅस्टिक्स सोडायचं ठरवलं. इवोनीला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ताकाला जाऊन भांडं लपवत राहिले. अभ्यास काय, गुडघा काय. तीच म्हणाली, "सोडतेय ना? सोडू दे. फक्त नीट संपवून जाऊ दे." एका दुपारी रिकाम्या जिममध्ये सईने सगळं एकदा करून दाखवलं आणि प्रत्येक साधनापाशी हात वर करून उभी राहिली. इवोनी पंचाच्या खुर्चीत बसून प्रत्येक वेळी गंभीरपणे मान हलवत होती. पुढच्याच आठवड्यात जिममधला सरावाचा जुना, जमिनीलगतचा बीम ती मिलिंदच्या मदतीने आमच्या बेसमेंटमध्ये घेऊन आली. मग खिचडी झाली की ती खाली जायची, कपड्यांची बास्केट उलटी घालून त्यावर बसायची आणि सईला बोलवायची. सई वैतागायची, "मावशी, आय क्विट, रिमेंबर?" पण चढायची. आणि उतरल्यावर बास्केटकडे तोंड करून हात वर करायची.

मागच्या उन्हाळ्यात तिने खरंच जायचं ठरवलं होतं. चौघींना तसं कळवलंही होतं. मग पाठ दुखायला लागली, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं त्यात प्रवास बसत नव्हता. पन्नाशीही गाठली नव्हती तिने. मी पुन्हा म्हटलं, "आता तरी फोनवर बोल." ती म्हणाली, "अशा अवस्थेत सांगितलं तर त्या दयेने माफ करतील. मला तसं नको." हट्टी बाई. मी खीर ढवळत राहिले.

तिच्या आठवणीसाठी आम्ही सगळे जिममध्ये जमलो, तेव्हा फ्लोरिडाहून सोलांझ आली होती. त्या चौघींतली एक, तीही आता कोच. फोनच्या पडद्यावर पाहिलेला चेहरा मी लगेच ओळखला. माणसं पांगल्यावर आम्ही दोघी गादीवर बसलो, आणि मी विचार केला, ज्याच्यासाठी ती तडफडली ते आता तरी पोचवावं. मी सलामीचं सांगितलं. सोलांझ ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "तिच्यामुळे? ते माझ्यामुळे गेलं. व्हॉल्टच्या उडीत उतरताना माझं पाऊल रेषेबाहेर पडलं होतं." पुढे म्हणाली, "बाकीच्यांना विचारा. एक म्हणेल तिच्या हातातून बार सुटला म्हणून, एक म्हणेल तिच्या फ्लोअरवरच्या उडीमुळे. दर वर्षी आम्ही फोन करायचो तो ह्याच भांडणासाठी. आधी रडायचो, आता हसतो. फक्त तिचीच बाजू ऐकायची राहिली होती."

टेबलावर थरथरत सरकणारा तो फोन डोळ्यांसमोर आला. त्या फोनमध्ये माफीचा प्रश्नच नव्हता, माफ करण्यासारखं काही झालंच नव्हतं... चौघी जणी आपापली चूक घेऊन तिची वाट बघत होत्या. एकदा, एकदाच तिने तो उचलला असता! रविवारी अजून मी चुकून साबुदाणा जास्त भिजवते आणि मग तिचा राग येतो मला, खरा राग, आणि त्याच्या मागोमाग ती इतकी हवीशी वाटते की स्वयंपाकघरात उभं राहवत नाही.

गेल्या आठवड्यात सई कॉलेजच्या सुट्टीत घरी आली. कपडे धुवायला म्हणून खाली गेली, बराच वेळ वर येईना म्हणून मी जिन्यात जाऊन बघितलं. ती अनवाणी बीमवर उभी होती. दोन पावलं, एक अर्धी गिरकी, तोल गेला, सावरली, टोकाला जाऊन साधीशी उडी मारून उतरली. पाय जोडले गेले. समोर उलटी बास्केट अजून तशीच होती. ती हलवायचं आमच्यापैकी कोणालाच जमलेलं नाही. सईने बास्केटकडे पाहिलं आणि ती पाठ फिरवून जिन्याकडे यायला लागली. मला बघून म्हणाली, "आई, देअर्स नोबडी देअर."

मी तिच्या बाजूने खाली उतरले आणि जाऊन त्या बास्केटवर बसले. सई जिन्यापाशीच उभी राहिली. मग परत आली, माझ्याकडे तोंड केलं, पाय जुळवले आणि दोन्ही हात वर केले.

मी मान हलवली.