वेबसाइट बरोबर होती

माझ्या नातीच्या पोस्टखाली "ती वेबसाइटच बोगस असणार" असं लिहिणाऱ्यांनो, भात झाडाला लागतो की वेलीला तेवढं तरी ठाऊक आहे का तुम्हाला... उगाच वेबसाइटला नावं ठेवू नका.

आता नमस्कार. मी सायलीची आजी, खालापूरजवळच्या गावातली. शाळा तिसरीपर्यंत, म्हणून फोनच्या माइकमध्ये बोलून लिहितेय. चुका काढत बसू नका.

सायली पुण्याला भातावर संशोधन करते. आमचा जुना उंच भात आठ-आठ दिवस पाण्यात बुडाला तरी कुजत नसे. दुकानातल्या बियाण्याचा कुजतो. आतून दोघांत काय वेगळं ते तिला शोधायचंय. त्यासाठी तिनं माझ्या सासूबाईंच्या मडक्यातलं बी नेलं... मी माझ्या हातानं दिलं.

पानात मायक्रोआरएनए नावाचे बारके तुकडे असतात म्हणे. "आजी, ते स्वतः काय करत नाय, बाकीच्यांना गप्प बसवतात," ती म्हणाली. "माजी सासू गं ती," मी म्हटलं. हसली... तेव्हा हसत होती.

ते तुकडे वाचायला मशीन असतं. त्याची भलीमोठी फाइल निघते, ती इंटरनेटवरच्या टूलमध्ये टाकायची. विकतचं टूल परवडत नाही, म्हणून फुकटातलं शोधत बसली. एक टूल नुसतं माणसांचं, त्याला भात माहीतच नाही. दुसरं बंद पडलेलं... ज्यानं बनवलं तो शिकून निघून गेला, मागं बघणारं कोणी नाही. तिसरं रेशनच्या दुकानासारखं, फाइल रांगेत उभी करायची आणि वाट बघायची.

शेवटी भातासाठीचंच एक टूल सापडलं, तुम्ही बोगस म्हणता ती हीच वेबसाइट. उत्तर आलं, दोन्ही भात सारखे. आमच्यात वेगळं असं काही नाहीच.

तिला वाटलं फाइल चुकली. परत टाकली, आणखी दोन टूल शोधून त्यांत टाकली... तेच उत्तर. कुंड्या पाण्यात बुडवल्या तर आमचाही भात सहाव्या दिवशी कुजला. तिचे सर म्हणाले, तू नमुन्यांची अदलाबदल केलीस, असं काम करायचं असेल तर विषय सोड.

मागच्या रविवारी घरी आली. पायरीवर लॅपटॉप घेऊन बसली, जेवली नाही. मी बाजूला तांदूळ निवडत होते. "मलाच येत नाय गं आजी. सोडते मी," म्हणाली.

माझं सूप थांबलं.

"चूक तुजी नाय," मी म्हटलं. "मडक्यातलं बी आपलं नाय."

"मग कुणाचं?"

"दुकानाचं."

ज्या वर्षी हे हॉस्पिटलात होते त्या वर्षी मी तिथंच पडून होते. घरी आले तर मडक्यातल्या बियाण्याचा कीड लागून भुगा झालेला. पेरणी तोंडावर. कर्जतहून पिशवी आणली, त्याच मडक्यात ओतली... दाणा दिसायला तसाच होता.

ह्यांनी खाटेवरून विचारलं, "आईचं बी पेरलंस ना?" मी हो म्हटलं. चार दिवसांनी हे गेले. मग कोणाला आणि कशाला सांगायचं... पुढं नदीकाठचं शेत विकलं, तिथं आता फार्महाऊस आहे. वरच्या शेतात पाणी साचत नाही, म्हणून तो भात कधी बुडाला नाही, बुटका राहिला तर मी वरची माती हलकी म्हणायचे, आणि माझं खोटं कधी उघडं पडलं नाही.

गावाला कळलं नाही. मोहोपाड्याच्या कंपनीत जाणाऱ्या माझ्या पोराला कळलं नाही. त्या टूलनं पकडलं.

सायली ओरडली नाही. लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "आठ महिने, आजी." संध्याकाळी पुण्याला गेली. डबा बांधून ठेवला होता, तो तिथंच राहिला.

परवा तिचा फोन आला. सरांना खरं काय ते सांगितलं म्हणाली. ते म्हणाले, पेरणीच्या आत खरं बी आण, नाहीतर विषय बदल. एवढं बोलून फोन ठेवला. मी जेवलीस का विचारत होते... ते ऐकायला थांबली नाही.

आता मुद्द्याचं. लावणीला आमच्याकडे ठाकुरवाडीकडच्या बाया उतरायच्या. त्यांतली बुधी, उंच, डाव्या गालावर गोंदलेलं. हे होते तोवर, मडक्यात खरं बी होतं तेव्हा, लावणी उरकली की तिला मी दरवर्षी त्यातलं पायलीभर बी द्यायचे. बी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हे सासूबाईंचं सांगणं. त्यांचं तेवढं एक मी पाळलं.

बुधी आता असेल-नसेल. माझ्याहून मोठी होती. पण तिची लेक-सून असेल, कोणाच्या तरी घरात ते बी अजून पेरत असतील. पाण्यात उभा राहणारा उंच भात... पेरणाऱ्याला तो ओळखू येतो.

बाकीच्यांनी हात जोडायचे नाहीत, फुलं टाकायची नाहीत, "आजी ग्रेट" तर मुळीच लिहायचं नाही. बुधीच्या घरच्यांनी, ते बी असेल तर, उत्तर द्यायचं. आणि सायली, वाचत असशील तर तू... जेवलीस का, तेवढंच.