बायकोच्या ताटाला नायट्रोजन

बायको गेल्या वर्षी गेली. विद्युतदाहिनीत तिला आत सारलं तेव्हा मी सवयीने तापमानाचा काटा शोधत होतो. जन्म अंधेरीच्या कारखान्यात भट्टीवर काढला, दुसरं काय सुचणार? शाळा चौथीत सुटली. पण भट्टीत नायट्रोजन मुरवून स्टीलचं अंग टणक कसं करायचं ते मला विचारा.

तिचं एक ताट राहिलं. माहेरहून आलेलं, कडेवर टिंबाटिंबांनी कोरलेलं माहेरचं नाव. आमच्याकडे लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि जुनं बाद. रेशनकार्डावर नवं, मृत्यूच्या दाखल्यावरही नवं. जुनं उरलं ते फक्त या कडेवर. तेही आमच्या भांडीवाल्या मावशी तारेच्या घासणीने रोज थोडं थोडं पुसत होत्या.

"मावशी, कडेला जरा हळू."

"मग खरकटं कोण काढणार, तुम्ही?"

सुनेने तोडगा काढला, "बाबा, कपाटात ठेवा ना ते."

कपाटात ठेवायला ती काय ट्रॉफी आहे? बायको त्यात जेवायची. मीही त्यातच जेवणार.

शेवटी ताट पिशवीत घातलं आणि बोरीवलीहून थेट कारखाना गाठला. माझ्या जागेवर आता जो आहे, त्याला काम मीच शिकवलेलं. तो हसायलाच लागला.

"काका, इथे व्हॉल्व्ह येतात, पंपाचे दांडे येतात. ताट?"

"स्टेनलेसच आहे ना? लाव. आच कमी ठेव, वेळ लागू दे. जास्त तापवलंस तर पुढे गंज धरेल."

"मला शिकवता?"

"मग कुणाला शिकवू? घरी कोण ऐकतं?"

त्याने भट्टीतली हवा खेचून काढली, नायट्रोजन सोडला, वीज दिली. मी काचेतून पाहिलं. ताटाच्या कडेला जांभळा उजेड चिकटून बसला होता. जाळ नाही, धूर नाही. बायको म्हणायची, "लोखंडाला शेक देऊन येता, त्यात थकता कसले?"

दुसऱ्या दिवशी ताट हातात आलं. चकाकी गेलेली, रंग राखेसारखा. मागच्या बाजूला खिळा ओढून पाहिला, ओरखडा उठेना. नाव जसंच्या तसं. पातळ पत्रा मात्र वाकायचा तो वाकलाच. खाली ठेवलं की डुगडुगतं, वरण एका बाजूला पळतं.

सून म्हणाली, "अहो बाबा, हे तर जळलं!"

"जळलं नाही, कडक झालंय."

"ते कशाला?"

मी पानावर बसलो. भात वाढून घेतला.

मावशींना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याने ताट गॅसवर ठेवलं असणार. पदर खोचून बसल्या. एक घासणी झाली, मग नवी काढली.

"काका, काय करपवलंत हो? निघतच नाही मेलं!"

मी स्टूल ओढून मोरीच्या दाराशी बसलो.

"कडेला राहिलंय, मावशी. जोर लावा."