गफूरभाईंनी मला धरून ठेवलं

उसाला पाणी देत होतो, तेव्हा गफूरभाईंच्या मुलाचा फोन आला. "काका, अब्बा गेले…" एवढंच बोलला. मी बांधावर बसलो. पाणी भलत्याच सरीत शिरत होतं, दिसत होतं, पण उठवेना. त्याला आता पाच आठवडे झाले.

माधवनगरचे गफूरभाई वीसेक वर्षं स्वतःच्या मिनीबसनं लोकांना कोकण दाखवून आणायचे. आम्ही कडेगावची मंडळी दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याच गाडीनं जायचो. किनारा आला की बाकीचे पाण्याकडं पळत आणि हे आधी एखादा मच्छीमार गाठत. ओहोटी कधी लागणार, ओढ कुठल्या अंगाला आहे, सगळं विचारून घेत आणि मग वाळूत पायानं रेघ मारत. "ह्याच्या म्होरं कुणी जायचं न्हाई." एकदा बोटीत माणसं जास्त आणि लाइफ जॅकेटं कमी निघाली, तर बोटवाल्याशी भांडून त्यांनी आम्हा सगळ्यांना खाली उतरवलं. घरची मंडळी दिवसभर फुगून बसली होती. मी सैन्यातून निवृत्त झालेला, कृष्णेच्या पुरात पोहलेला माणूस. म्हणालो, "भाई, तुमी लय भिता." ते हसले नाहीत. "फौजी, नदी एकीकडंच वाहती. ह्याचा काय भरवसा न्हाई."

आठ वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी भाई जेवणाचं सांगायला खानावळीत गेले होते. किनाऱ्यावर लाल बावटा होता, ओहोटी लागली होती. माझा धाकटा भाऊ संजय पाण्याकडं बघत उभा होता. मीच म्हणालो, "जा की रं, गुडघाभर पाण्यानं काय हुतंय?" हे वाक्य आजवर कुठं लिहिलं नव्हतं… गुडघ्याचं पाणी छातीला कधी आलं ते कळलंच नाही. संजय आत ओढला जात होता आणि नदीत पोहावं तसा सरळ काठाकडं हात मारत होता. दमत होता, जागचा हलत नव्हता.

भाई धावत आले. "आडवा पव, संजय! काठाकडं नगं, आडवा! ओढीतनं भाईर निघ!" त्यांनी गाडीतली हवा भरलेली ट्यूब दोराला बांधून फेकली. दोर कमी पडला. मी शर्ट काढून धावलो, तसं त्यांनी मागून कमरेला मिठी मारली. मी लाथा मारल्या, कोपरानं त्यांचा ओठ फोडला. ते सोडेनात. "तू गेलास तर दोघंबी जाशीला, फौजी! हुडी निघालीया, थांब!" होडी पोचली तेव्हा संजय वर दिसत नव्हता.

सगळ्यांसमोर मी भाईंना म्हणालो, "तुमच्यामुळं माजा भाऊ गेला." त्यांनी फुटक्या ओठानं गाडी चालवत आम्हाला घरी आणलं. नंतर सात वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. संजयला म्हटलेलं माझं ते वाक्य मला पेलत नव्हतं, म्हणून त्यांच्यावर टाकलं होतं… हे कळायलासुद्धा इतका वेळ लागला.

गेल्या वर्षी त्यांच्या आजाराचं कळलं आणि गेलो. ते उशीला टेकून बसले होते. "बस," म्हणाले. मला माफी मागायची होती, पण तेच आधी बोलले. "दोर धा हात लांब पायजे हुता बघ. रोज वाटतंय." मी त्यांचा हात धरून बसलो. माझं वाक्य त्यांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. "मला तवाच म्हाईत हुतं, बाकीच्यांनी सांगितलं हुतं," म्हणाले. त्यानंतर महिन्यातून एकदा जात राहिलो. ते ऐकायचे, मी ऊस-पाण्याचं बोलायचो.

ते गेल्यावर आईनं माझ्याबरोबर त्यांच्या घरी यायचा हट्ट धरला. ऐंशी वर्षांची बाई, एसटीचे धक्के सोसत आली आणि आत भाईंच्या बायकोशेजारी तासभर बसली. दोघी फारसं बोलल्या नाहीत. परतताना विटा मागं पडलं तेव्हा ती म्हणाली, "गफूरनं माजं एक पोरगं ठिवलं."

आठ वर्षं आम्ही एका घरात जेवत होतो. "आई, हे कवा बोलली न्हाईस?"

"तू कवा इचारलंस?" ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.